कापड मागून घ्या, दोरा मात्र चांगला विकत घ्या

पत्र : काकू, नमस्कार. मी सेलूची (जि. परभणी), वय 44. यजमानांचं किराणा दुकान आहे. दोन्ही लेकरं शिकायला लातूरला असतात. सासूबाईंच्या हाताखाली गोधडी शिवायला शिकले होते, पण गेल्या दिवाळीपासून मोबाइलवर ठिगळकामाच्या रजया बघून खराच नाद लागला. छापील सुती कापडाच्या चौकोनांचे संच, आत घालायचा पॉलिस्टरचा थर, फिरतं कटर असं एकेक मागवत गेले. साडेचार हजार रुपये गेले आणि अजून एकही रजई पुरी झालेली नाही. यजमान रागावत नाहीत, पण परवा म्हणाले, ‘चिंध्या कधी विकत घ्यायच्या असतात का?’ ते मनाला फार लागलं. सासूबाई आता नाहीत. त्यांची चार नऊवारी लुगडी ट्रंकेत आहेत, पण कात्री लावायला हात धजत नाही. लोकांकडे जुन्या साड्या मागायची लाज वाटते. हे कमी पैशात जमेल का? विकून खर्च तरी निघेल का? की नादच सोडून देऊ?

उत्तर : ताई, नाद सोडू नका. हा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलात, म्हणून त्याचं उत्तर सगळ्यात आधी देते. हाताला येणारी आणि मनाला आवडणारी कला घरात असताना ती साडेचार हजारांपायी बंद करायची काही गरज नाही.

तुमच्या यजमानांच्या बोलण्यातलं अर्धं मात्र खरं आहे. शिवण्याबद्दल ते काही वाईट बोललेले नाहीत, ते कापडाच्या खरेदीबद्दल बोललेत, आणि दुकानदार माणसाला ती खरेदी खटकली यात नवल नाही. मोबाइलवर तुम्ही जे बघता त्यातल्या बऱ्याच रजया अशा देशांतल्या आहेत, जिथे या कामासाठी नवं कापड ठाणातून विकत घेणं हीच रीत पडली आहे. तिथे त्याची वेगळी दुकानं असतात, आणि शिकवणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःच कापड, कटर, कापताना खाली घालायच्या चटया विकतात. त्यांच्या हातातली सफाई जरूर शिका. त्यांची खरेदीची यादी आपल्या कामाची नाही. आपल्याकडची वाकळ काय आणि गोधडी काय, वापरून मऊ झालेल्या कापडाचीच होत आली. नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही, त्याला आधी धुवून धुवून जुनं करावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वर्षभर कापडावर एक रुपयाही घालू नका. जे पैसे घालाल ते दोरा, सुई आणि कात्री यांच्यावर घाला. आणि सगळ्यात महाग वस्तू आहे तुमची मेहनत, ती कुणाला फुकट देऊ नका. आता एकेक बघू.

कापड शोधायला पहिल्यांदा स्वतःचं कपाट उघडा. आपल्या भागातल्या कुठल्याही घरात ओटीत आलेल्या ब्लाउज पीसची चळत असते. हळदीकुंकू, लग्न, बारसं, वास्तुशांत, जिथे जाल तिथे एक पीस पदरात पडतो. त्यातले निम्मे आपण कधी शिवत नाही, फिरवून दुसऱ्याच्या ओटीत घालतो. साधा पीस 80 सेंटीमीटर लांब आणि 36 इंच पन्ह्याचा धरला, तर त्यातून सहा इंचांचे 30 चौकोन निघतात. चहूबाजूंनी पाव इंच शिवणीत गेलं की शिवल्यावर एक चौकोन साडेपाच इंचांचा राहतो. असे 11 आडवे आणि 16 उभे जोडले, तर साधारण पाच फूट रुंद आणि सव्वासात फूट लांब असा वरचा थर तयार होतो. लागले 176 चौकोन, म्हणजे सहा ब्लाउज पीस! ज्या संचांवर तुम्ही पैसे घातलेत त्याहून जास्त रंग तुमच्या कपाटात आधीच पडून आहेत. फक्त त्यांतले सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेले निवडा. ओटीचा खण कापू नये असं घरात कुणी मोठं माणूस म्हणालं, तर त्यांचं ऐका आणि तेवढे देवीच्या ओटीचे बाजूला ठेवा. बाकीचे वापरले म्हणून कुणाचा मान कमी होत नाही.

ब्लाउज पीसच्या खाली बघा. लग्नाकार्यात मानपानात आलेले टॉवेल, उपरणी, पंचे असतील. टॉवेल जाड, तो गोधडीत नको. पंचा आणि उपरणं सुती असेल तर अस्तराला उत्तम. घरात सासऱ्यांची धोतरं किंवा डोक्याचा पटका असेल तर ते सोनं समजा. इतकं मऊ, हवेशीर आणि लांबलचक कापड आज विकत घ्यायला गेलं तर परवडणार नाही.

आता लाजेचा प्रश्न. जुनं कापड मागायला लाज वाटते, कारण आपण ते हात पसरून मागतो. त्याऐवजी देवाणघेवाण करा. शेजारणीला म्हणा, ‘तुमच्या तीन जुन्या सुती साड्या द्या, त्यातल्या एकीचं मी तुमच्या नातवाला दुपटं शिवून देते.’ बोहारणीला साड्यांचा गठ्ठा देऊन बाई एखादं स्टीलचं पातेलं किंवा प्लास्टिकचा टब घेते. तुम्ही तिला तिच्याच साडीचं दुपटं देताय. माझ्या माहितीत या सौद्याला नको म्हणणारी बाई नाही. दोन साड्या तुमच्याकडे राहिल्या, तुमचा हात साफ झाला आणि चार घरी तुमचं काम दिसलं.

मागायची वेळसुद्धा साधा. भाद्रपद सरताना, घट बसायच्या आधी, आपल्याकडे घराघरांतून अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. गोदावरी, दुधना, मांजरा, जिथे पाणी असेल तिथे काठावर वाकळी वाळत पडलेल्या दिसतात. तेव्हा प्रत्येक घरात एक ढीग असा निघतो, जो धुण्याच्या लायकीचा राहिलेला नसतो आणि टाकवतही नाही. तो ढीग मागायचे हेच आठ-पंधरा दिवस. दुसरी वेळ दिवाळीच्या आवराआवरीची. हे दोन हंगाम साधले तर वर्षभर पुरेल एवढं कापड जमतं. उन्हाळ्यात लग्नसराई असते, तेव्हा कुणाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते. त्या दिवसांत शिंप्याकडे जा.

शिंप्याकडच्या कातरणाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ते मिळतं भरपूर, पण सगळं कामाचं नसतं. ब्लाउज शिवणाऱ्या बायकांकडे अस्तराचं कापड सुती असतं आणि त्याचे वीतभर तुकडे रोज पडतात. ते घ्या. सदरे शिवणाऱ्याकडे मोठे आणि सरळ कडेचे तुकडे मिळतात. पॅन्टचं कातरण जाड आणि टेरिकॉटचं, ते गोधडीत घातलं की सुई रडते. त्याची बसायची पट्टी किंवा पायपुसणं होतं. शाळा उघडायच्या आधी, मे-जूनमध्ये, गणवेश शिवणाऱ्यांकडे एकाच रंगाच्या तुकड्यांची पोती भरतात. एकरंगी तुकडे नक्षीच्या तुकड्यांमध्ये घालायला फार उपयोगी पडतात, नाहीतर सगळी गोधडी डोळ्यांना गचाळ दिसते. हे लोक कातरण बहुधा फेकूनच देतात. तरी फुकट नेऊ नका. एक स्वच्छ पिशवी त्यांच्याकडे टांगून ठेवा, आठवड्याने भरलेली न्या आणि रिकामी टांगा. दिवाळीला मशीनवर टाकायला एक छान झाकण शिवून द्या. पडद्याच्या आणि सोफ्याच्या कापडाच्या दुकानांत नमुन्यांची जाडजूड पुस्तकं असतात. नवा माल आला की जुनी पुस्तकं अडगळीत जातात. तीही मागून बघा, पिशव्यांना चांगली.

लेकरांना भेटायला लातूरला जाता तेव्हा गंजगोलाईच्या बाजारात एखादी चक्कर मारायला हरकत नाही, पण बघायलाच. ठाण संपताना उरलेला तुकडा दुकानदार कमी भावात सोडतो, आणि गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर सूट असते. राष्ट्रध्वजाचं कापड विणणारं उदगीरचं केंद्र आपल्याच मराठवाड्यातलं, तेव्हा खादीचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको. वर्षभर कापड न घेण्याचा नेम मोडायचाच झाला, तर तो अशा खादीच्या अस्तरासाठी मोडा. छापील चौकोनांसाठी मोडू नका.

जमलेलं कापड थेट घरात घेऊ नका. परक्या घरच्या कापडातून ढेकूण येतात, आणि एकदा आले की अख्खं घर वेठीला धरतात. गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच आणा, अंगणातच उघडा, धुण्याचा सोडा घातलेल्या कडकडीत पाण्यात भिजवा आणि तापल्या उन्हात वाळवा. आपल्याकडे आणखी काही नसलं तरी ऊन भरपूर आहे. पाण्याची टंचाई असेल तर थोडं थोडं धुवू नका. सगळं साठवून एकदाच धुवा, म्हणजे तेच पाणी फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत क्रमाने वापरता येतं. रंग जातो का हे बघायला ओला पांढरा फडका कापडावर जोरात घासा. फडक्याला लाल-निळं लागलं तर ते कापड फिक्या रंगाशेजारी नको. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं म्हणतात, त्यावर भिस्त ठेवू नका.

सुती कोणतं आणि मिश्र कोणतं हे हाताला कळेनासं झालं आहे, इतके मिश्र धागे आता निघाले. तेव्हा कडेचा एक दोरा उपसून चिमट्यात धरा आणि मोरीजवळ पेटवा. सूत जळलं की कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि त्याचा टणक मणी होतो. मणी झाला की ते कापड पांघरायच्या गोधडीत घालू नका. आपल्याकडचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीसचा, त्यात ते अंगाला चिकटतं. शिवाय ते सुईखाली सरकतं आणि टाके वेडेवाकडे पडतात. अशा साड्यांच्या पिशव्या, गाडीवरची झाकणं, धान्यावर टाकायची आच्छादनं करा. किंवा त्याच बोहारणीला द्या, घरात एक पातेलं येईल.

कापडाचा दम बघायला ते उजेडासमोर धरा. जिथे जाळी दिसते तिथे ते विरलं आहे. दोन्ही हातांनी आडवं ताणा. टर्रकन फाटलं तर सोडून द्या, आणि टिकलं पण पातळ वाटलं तर ते मधल्या थरात घाला. वरचा आणि खालचा थर दमदार हवा, मधल्याला फक्त ऊब द्यायची असते.

आता सासूबाईंची लुगडी. ट्रंकेत वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं सुती लुगडं घडीवरच विरतं. न वापरल्याने ते जपलं जात नाही, उलट घडीघडीवर फाटतं. माझा सल्ला असा, की चारांतलं एक, त्या सणावाराला नेसायच्या ते, अख्खं ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याची घडी बदला. उरलेली तिन्ही एकदम कापू नका. दोन घ्या, त्यांची एक गोधडी करा आणि ती लेकरांपैकी एकाला लातूरला पांघरायला द्या. तिसरं दुसऱ्या लेकरासाठी ठेवा. सासूबाईंनी तुम्हाला हे काम शिकवलं, तेव्हा या कापडावर कात्री चालवायचा अधिकार तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला नाही. कापण्याआधी काठ उसवून वेगळे काढा. लुगडी इरकली असतील तर ते काठ गोधडीला चहूबाजूंनी किनार म्हणून लावा. गोधडीची कड सगळ्यात आधी झिजते, आणि काठाची वीण घट्ट असते.

लुगड्यात रुपेरी किंवा सोनेरी जर असेल तर आधी सोनाराला दाखवा. जुन्या साड्यांत खरी चांदीची जर असायची आणि ती विकत घेणारे असतात. दारावर आलेल्या फेरीवाल्याला मात्र देऊ नका, वजनात आणि भावात फसवणूक होते. जर असलेलं कापड तसंही पांघरायला नको, अंगाला टोचतं. पैठणीचा किंवा हिमरूचा तुकडाही सुती कापडात मिसळू नका, रेशीम आणि सूत धुतल्यावर सारखं आटत नाही.

मापाचा हिशोब तुम्हाला पाठ हवा, म्हणजे कुणी किती साड्या देऊ असं विचारलं तर लगेच सांगता येतं. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट लांब असते आणि पन्हा 45 इंच, म्हणजे पावणेचार फूट. तिचे पाच-पाच फुटांचे तीन तुकडे होतात आणि तीन फूट उरतं. दोन तुकडे शेजारीशेजारी जोडले की पाच फूट बाय साडेसात फुटांचा एक थर झाला. म्हणजे दोन साड्यांत तीन थर, एक पूर्ण पांघरायची गोधडी. नऊवारी 27 फूट. तिचे असे पाच तुकडे निघतात आणि दोन लुगड्यांत पाच थर होतात. ती झाली थंडीतली. परभणीचा पारा हिवाळ्यात कधी कधी एक आकडी होतो, तेव्हा पाच थर लागतात. एरवी तीन पुरे. फक्त सगळ्या थरांची मधली जोडशिवण एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर पाठीखाली दांड लागतो. मधल्या थरातला एक तुकडा उभा दुभागून दोन्ही बाजूंना लावा, म्हणजे शिवणी फाकतात.

हे लक्षात आलं की पॉलिस्टरच्या थराची गरजच उरत नाही. जो मागवला आहे तो लेकरांच्या उशांत भरा किंवा दाराच्या पट्टीत घाला. अधिक ऊब हवी तर विरलेली सुती चादर मध्ये घाला. कापूस भरायचा मोह होईल, आपण कापसाच्याच मुलखात राहतो, पण पिंजलेल्या कापसाची दुलई हे वेगळं काम आहे. तिला टाके जवळ घ्यावे लागतात, नाहीतर धुतल्यावर कापूस गोळा होतो, आणि पिंजून घ्यायचा खर्च वेगळा.

कटर आणि चटई आली आहे तर वापरा, पुन्हा नवी घेऊ नका. त्यांच्या पात्याला पैसे लागतात, तेव्हा पातं बोथट झालं की कात्रीवर या. चौकोनांचा साचा दुकानातल्या बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून करा. कडा घासल्या जातात, म्हणून पाच-सहा साचे एकदमच कापून ठेवा. खुणा करायला वापरून पातळ झालेली अंगाच्या साबणाची चकती घ्या. शिंप्याच्या खडूइतकीच बारीक रेघ येते आणि धुतल्यावर डाग राहत नाही.

जिथे पैसे घालायचे ते आता सांगते. दोरा. गोधडी फाटते त्याच्या कितीतरी आधी तिचा दोरा तुटतो, आणि सगळी मेहनत दोन पावसाळ्यांत उसवते. स्वस्त दोरा ओळखायचा तर हातभर तोडून नखावरून ओढा. त्याची लव निघाली, गाठी लागल्या, तर नको. जाड सुती दोरा घ्या. मशीनचा बारीक दोरा असेल तर दुहेरी घ्या. मेणाच्या खड्यावरून एकदा ओढला की गुंतत नाही आणि टिकतोही जास्त. किती लागेल? साडेसात फूट लांबीला एक इंच अंतराने पाच फुटांत साधारण 60 ओळी येतात, म्हणजे 450 फूट, जवळपास 140 मीटर. धावदोऱ्याच्या वरखालीत आणि गाठींत जातो तो धरून 160 मीटर. अर्ध्या इंचावर ओळी घेतल्या तर 320 मीटर, आणि दुहेरी दोरा असेल तर त्याच्या दुप्पट. रीळ घेताना वेष्टनावरचे मीटर वाचा, रिळाच्या आकाराकडे बघू नका. दोरा सुटा सुटा घेण्यापेक्षा मोठा कोन स्वस्त पडतो. मैत्रिणींनी मिळून घेतला तर आणखी बरं.

सुया जाड आणि लांब, मोठ्या नेढ्याच्या घ्या, आणि बोटात अंगुस्तान घालायची सवय लावा. चांगली कात्री एकच, आणि ती कापडाखेरीज कशालाही लावायची नाही. दुकानात पुड्या कापायला तर मुळीच नाही. धारवाला आला की धार लावून घ्या.

मशीन नसेल तर घाई करू नका. गोधडीचे थर घरच्या साध्या मशीनखाली नीट जातही नाहीत, ते हातानेच टाचायचे असतात. मशीन लागते ती चौकोन जोडायला. घ्यायचीच तर वापरलेली पायमशीन बघा. काळी, लोखंडी, जुनी मशीन चांगली चालते. घेताना स्वतःचं कापड नेऊन शिवून बघा, बॉबिन आणि शटल खडखडतंय का ऐका, आणि सुट्या भागांचा दुकानदार गावात आहे का ते आधी विचारा. तिच्यासाठी भिशी लावा. शिवणाऱ्या आठ-दहा जणींनी दरमहा थोडे थोडे टाकले की एकेकीचा नंबर लागतो, व्याज पडत नाही. दर महिन्याला एकत्र बसणं होतं, त्यात कापडांची अदलाबदलही होते.

विकून खर्च निघेल का, याचं उत्तर हो आहे, पण तयार गोधड्या करून गिऱ्हाईक शोधायच्या वाटेने जाऊ नका. त्यात कापड तुमचं, मेहनत तुमची, आणि पडून राहिली तर नुकसानही तुमचंच. त्यापेक्षा लोकांच्याच कापडाच्या गोधड्या शिवा. पुण्या-मुंबईला गेलेल्या कितीतरी मुलींना आईच्या साड्यांची गोधडी हवी असते आणि ती शिवायला त्यांच्याकडे ना वेळ असतो ना हात. साड्या त्या आणून देतील, तुम्ही दोरा आणि श्रम घालाल. उरलेले तुकडे तुमच्याकडे राहतील का, हे मात्र आधीच विचारून घ्या. कुणाच्या आईच्या साडीचा तुकडा न विचारता दुसऱ्या कामात घालू नये. दुसरी चालणारी वस्तू म्हणजे बाळाचं दुपटं, तीन फूट बाय तीन फूट. डोहाळजेवण आणि बारसं वर्षभर सुरू असतात. त्याला मऊ धुतलेलंच कापड लागतं, आणि ते तुमच्याकडे आहे. बाळाच्या वस्तूला गुंडी, टिकली, जर, काही लावू नका.

किंमत सांगताना आपल्या बायका अवघडतात. ‘द्या काय द्यायचं ते’ हे वाक्य तोंडातून काढू नका. यजमानांकडून दुकानातली एक कोरी वही घ्या आणि पहिल्या गोधडीला किती तास बसलात ते त्यात रोज लिहा. समजा 40 तास झाले आणि तुम्ही तासाला 50 रुपये धरले, तर मजुरी 2,000 रुपये, वर दोरा-सुईचे 150. हा आकडा उदाहरणादाखल आहे, तुमचा तुम्ही ठरवा. पण शेतात निंदायला जाणाऱ्या बाईचा तुमच्या शिवारात जो रोज चालू आहे, त्याच्या खाली तुमचा दिवस पडू देऊ नका. कुणी म्हणेल, बाजारात याहून कमीत ब्लँकेट मिळतं. मिळू द्या. ज्याला ब्लँकेट हवं आहे तो तुमचा गिऱ्हाईक नाही. घरच्या जवळच्या माणसांना भेट द्यायची तर संपूर्ण भेट द्या. अर्ध्या किमतीत देऊ नका, त्यात पैसाही मिळत नाही आणि भेटीचा आनंदही जातो.

मिळालेल्या पैशांसाठी वेगळा डबा किंवा वेगळं बचत खातं ठेवा आणि पुढचा दोरा त्यातूनच आणा. घरखर्चात ते मिसळले की हिशोब दिसेनासा होतो. वहीत जमा दिसली की यजमानांना वेगळं समजावायची गरज पडणार नाही, ते स्वतःच वही वाचणारे आहेत.

पुढेमागे काम वाढलं तर गावातल्या बचत गटात जा. उमेद अभियान आणि 1975 पासून चालत आलेलं महिला आर्थिक विकास महामंडळ गटांमार्फत काम करतात, प्रदर्शनांत गटांना जागा मिळते. शिंपीकाम करणाऱ्यांना पीएम विश्वकर्मा योजनेत (ती 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली) साहित्यासाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळतं. पण ती योजना त्याच कामावर पोट भरणाऱ्या कारागिरांसाठी आहे, आणि एका कुटुंबातून एकालाच तिचा लाभ मिळतो. तुमचं अजून हौसेचं काम आहे. हौसेसाठी कर्ज काढू नका, कितीही कमी व्याजाचं असलं तरी.

पहिली मागणी येईल तेव्हा निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि साड्या ताब्यात घेतानाच त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुठे डाग आहे, कुठे विरली आहे, ते मालकिणीसमोर वहीत लिहा. विरलेली साडी वरच्या थरात टिकणार नाही हे तिला तेव्हाच सांगा आणि ती मध्ये घालायची परवानगी घ्या. मुदत सांगताना मनातल्या दिवसांत पंधरा दिवस वाढवून सांगा, कारण हा हाताचा धंदा आहे आणि मध्ये सण येतात.